शिडाच्या छोट्या होडीवर झोपायचंय? डासांचा बंदोबस्त असा करा

शिडाच्या होडीवर रात्र काढायला निघालेल्या नवख्या माणसाला पहिल्या संध्याकाळी दोनच वाटा दिसतात. सगळं बंद करून आत घामाघूम व्हायचं, नाहीतर सगळं उघडं टाकून डासांकडून फोडून घ्यायचं. वीस-पंचवीस फुटी होडीच्या केबिनमध्ये जेमतेम ताठ बसता येतं. तिथे दोघं झोपले आणि दाराच्या फळ्या लावल्या, की तासाभरात भिंतींना घाम सुटतो. मग कुणीतरी वैतागून वरचं झाकण उघडतं आणि पुढची रात्र टाळ्या वाजवण्यात जाते.

त्यामुळे आधी हवेचा विचार करा, डासांचा नंतर. कोणतीही जाळी, पडदा किंवा युक्ती करण्याआधी तिला तीन प्रश्न विचारायचे. हवा खेळती राहते का? डास अडतो का? आणि अर्ध्या झोपेत, अंधारात, एका हाताने ती बाजूला सारून बाहेर पडता येतं का? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. घरात मच्छरदाणीत पाय अडकला तर हसू होतं, पण होडीवर त्याच वेळी नांगर घसरत असू शकतो.

पहिली पायरी: नांगर कुठे टाकायचा

डास उडण्यात कच्चा असतो. त्याचा वेग ताशी दोन-तीन किलोमीटरच्या फार पुढे जात नाही. वारा ताशी १५ किलोमीटरच्या, म्हणजे साधारण ८ नॉटच्या वर असला तर डासांना होडीपर्यंत पोहोचून अंगावर बसणं अवघड होतं. म्हणून जिथे वारा मोकळा लागतो अशी जागा चांगली. खारफुटी, दलदल किंवा गवताळ काठ वाऱ्याच्या वरच्या अंगाला असेल, म्हणजे वारा तिकडून तुमच्याकडे येत असेल, तर ती जागा टाळा.

इथे एक फसगत होते. दुपारी चार वाजता समुद्राकडून छान खारा वारा येत असतो आणि जागा पसंत पडते. रात्री जमीन थंड होते, वारा पडतो आणि उलटा फिरून मतलई वारा सुरू होतो. तो अगदी हलका असतो आणि काठावरचे डास अलगद पाण्यावर आणून सोडतो. जागा ठरवताना दुपारचा वारा पाहू नका, रात्री काय होईल त्याचा अंदाज घ्या.

काठापासूनचं अंतरही कामी येतं, पण किती, ते डासाच्या जातीवर अवलंबून आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा माणसांच्या वस्तीत राहणारा डास जन्मल्या जागेपासून सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. किनाऱ्यापासून तीन-चारशे मीटर आत नांगरलेल्या होडीला त्याचा त्रास बराच कमी. खाऱ्या दलदलीतले काही डास मात्र अनेक किलोमीटर मजल मारतात. त्यांच्यापुढे अंतराचा भरवसा धरू नये.

आणि हे सगळं दुय्यम आहे. नांगर पकडेल असा तळ, पुरेशी खोली आणि हवामानापासून आसरा या गोष्टी आधी. डासांसाठी उघड्या समुद्रात नांगर टाकणं हा शहाणपणा नव्हे.

दुसरी पायरी: भोकं शोधा

जाळी विकत घेण्याआधी होडीची झडती घ्या. अंधार पडल्यावर केबिनमधले सगळे दिवे लावा, झाकणं आणि दार बंद करा आणि बाहेरून होडीभोवती एक फेरी मारा. जिथून उजेड झिरपतो तिथून डास येऊ शकतो. मग भर दिवसा आत बसून, सगळं बंद करून, उलट पाहणी करा.

मोठी भोकं सगळ्यांना दिसतात: केबिनचं दार, पुढचं हॅच (छपरातलं झाकणाचं भोक), बाजूच्या खिडक्या. निसटतात ती अशी:

- नांगराची साखळी आत जाते ती नळी. ती नांगराच्या कप्प्यात उघडते आणि तो कप्पा पुष्कळदा पुढच्या बंकला, म्हणजे झोपायच्या जागेला, लागूनच असतो.
- छपरावरचे हवेचे झरोके, मग ते छत्रीसारखे असोत की सौरपंख्याचे.
- कॉकपिटच्या, म्हणजे केबिनमागच्या उघड्या बसायच्या जागेच्या, बाकाखालचे कप्पे. मागच्या बंकची जागा बऱ्याच होड्यांत याच कप्प्यांना जोडलेली असते.
- इंजिनाच्या जागेला हवा देणाऱ्या नळ्या.
- डोलकाठी छपरातून खाली तळापर्यंत जात असेल तर तिच्याभोवतीची फट. शिवाय डोलकाठी पोकळ असते आणि दोऱ्या बाहेर पडायच्या खाचांतून आत वाट असते, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

साखळीच्या नळीत जुन्या कापडाचा बोळा कोंबला तरी चालतो. फक्त त्याला दोरी बांधून ती वर बांधा, म्हणजे नांगर घाईने सोडायची वेळ आली तर एका झटक्यात बोळा निघेल. झरोक्यांना आतून जाळीचा गोल तुकडा रबर बँडने बसवता येतो. कप्प्यांची झाकणं नीट बसत नसतील तर कडेला फोमची पट्टी चिकटवा. इंजिनाच्या हवेच्या नळ्या मात्र कायमच्या बंद करू नका. तिथे जाळीच लावा आणि इंजिन सुरू करण्याआधी ती तुंबलेली नाही ना ते पाहा.

तिसरी पायरी: जाळीची निवड

साध्या मच्छरदाणीच्या जाळीत एका चौरस इंचात साधारण १५६ भोकं असतात. डासाला ती पुरते. पण खारफुटीच्या आणि वाळूच्या किनाऱ्यांवर संध्याकाळी जी बारीक, चावरी चिलटं येतात, ती या जाळीतून आरामात आत शिरतात. त्यांना अडवायला भोक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या आसपास असावं लागतं.

मग सगळीकडे बारीकच जाळी का लावू नये? कारण भोकं जितकी बारीक, तितकी हवा कमी. उकाड्याच्या रात्री हा फरक ठळक जाणवतो. माझं मत असं की दोन संच ठेवावेत. रोजच्या वापराला साधी जाळी आणि चिलटांच्या जागेसाठी बारीक जाळीची एक जोडी. एकच घेणं परवडत असेल आणि खाड्यांतून फिरणार असाल तर बारीक जाळी घ्या आणि हवेची कसर पंख्याने भरून काढा.

कापड पॉलिएस्टरचं घ्या. उन्हात ते नायलॉनपेक्षा जास्त टिकतं. सुती जाळी दमट हवेत ओलसर राहते आणि तिला बुरशी धरते. घरांच्या खिडक्यांना लावतात ती फायबरग्लासची जाळी घडी घातली की घडीवर तुटते, त्यामुळे रोज काढ-घाल करायच्या जागी ती नको. रंग काळा किंवा गडद असला तर आतून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं, आणि नांगरावरच्या रात्री बाहेरचं दिसणं गरजेचं असतं.

चौथी पायरी: दाराचा पडदा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

नांगरावरची होडी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. हवा पुढच्या हॅचमधून आत येते, झोपलेल्या माणसांवरून जाते आणि मागच्या दारातून बाहेर पडते. तुमच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि घामाचा वास तिच्याबरोबर दारातूनच बाहेर जातो. डास हा वास दहा मीटर आणि त्याहून लांबूनही ओळखतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने त्याच्या उगमाकडे उडत येतो. म्हणजे तो मागून, थेट दाराशी पोहोचतो. पुढच्या हॅचला उत्तम जाळी आणि दाराला जेमतेम टॉवेल, अशी व्यवस्था का फसते ते यावरून कळेल. (ओहोटीचा ओढा वाऱ्यापेक्षा जोरात असेल तर होडी पाण्याच्या प्रवाहाकडे तोंड करते आणि हे सगळं गणित बदलतं. वारा एकदा गालावर घेऊन बघा.)

पडदा बनवायची पद्धत:

1. केबिनच्या दाराला वर सरकणारं झाकण आणि समोर उभी फळ्यांची जागा असते. दोन्ही उघडी ठेवून, झाकणाच्या पुढच्या कडेपासून खाली कॉकपिटच्या फरशीपर्यंत माप घ्या. जुन्या वर्तमानपत्राचा साचा करून घेतला तर कापताना चूक होत नाही.
2. दोन्ही बाजूंना आणि खाली किमान २५-३० सेंटिमीटर जास्तीचं कापड धरा. पडदा ताणून बसवायचा नाही, तो सैल पडून राहायला हवा.
3. कडेला कापडी पट्टीची पोकळ शिवण घाला आणि तिच्यात वजन ओवा. मासेमारीच्या जाळ्याला असते तशी शिसं भरलेली दोरी सर्वांत सोयीची. ती वळते, गंजत नाही आणि लाकडावर ओरखडे काढत नाही. लोखंडी साखळी गंजून डाग पाडते.
4. वरच्या कडेला दोन हुक किंवा दोरीचे फासे लावा, म्हणजे वाऱ्याने पडदा पुढे सरकणार नाही. खालची आणि बाजूची कड मोकळीच ठेवा.
5. दिवसा चाचणी घ्या. एका हातात कप धरून आत-बाहेर करा. पडदा सहज उचलला गेला पाहिजे आणि सोडल्यावर आपोआप जागेवर पडला पाहिजे. मागे वळून नीट करावा लागत असेल तर रात्री कुणीही तो नीट करणार नाही.

पडद्याला चेन (झिप) लावायचा मोह टाळा. खाऱ्या हवेत चेन अडते, आणि अडते ती नेमकी नको तेव्हा. लावायचीच असेल तर जाड दातांची प्लास्टिकची लावा.

चुंबकाच्या पट्ट्या असलेले तयार पडदेही मिळतात आणि घरच्या दाराला ते झकास असतात. होडीवर मात्र कॉकपिटमधलं होकायंत्र दारापासून हातभर अंतरावर असतं. चुंबक जवळ आला की सुई चुकीची दिशा दाखवते. स्वयंचलित सुकाणूचा दिशादर्शक सेन्सर केबिनमध्ये असेल तर त्यालाही हाच धोका. चुंबक वापरलेच तर पडदा काढून दूर ठेवल्याशिवाय निघू नका. मी तरी शिशाची दोरीच वापरायला सांगेन.

पाचवी पायरी: हॅच आणि खिडक्या

हॅचला जाळी दोन प्रकारे लावता येते. आतून चौकटीला वेल्क्रोने चिकटवायची, किंवा बाहेरून उघड्या झाकणावर पिशवीसारखी चढवून कडेच्या इलॅस्टिकने चौकटीखाली अडकवायची. आतली जाळी नीटनेटकी दिसते. पण रात्री पाऊस आला की आधी जाळी ओरबाडून काढा, मग झाकण लावा, आणि तेवढ्यात डास आत. बाहेरच्या पिशवीत झाकण आतूनच खाली ओढता येतं आणि जाळी तशीच राहते. पावसाळी रात्रींसाठी एवढं एक कारण पुरेसं आहे.

दुसरं कारण हवेचं. ५० बाय ५० सेंटिमीटरच्या हॅचवर सपाट जाळी ताणली तर हवेला २,५०० चौरस सेंटिमीटर जाळीतून यावं लागतं. त्याच हॅचवर २५ सेंटिमीटर उंचीची, खोक्यासारखी उभी राहणारी जाळी घातली तर वरचा भाग आणि चार बाजू मिळून ७,५०० चौरस सेंटिमीटर होतात. भोक तेवढंच, पण जाळीचा अडथळा तिप्पट जागेत वाटला जातो आणि आत येणारा वारा स्पष्टपणे वाढतो. बारीक जाळी वापरणाऱ्यांनी तर ही युक्ती करावीच.

वेल्क्रो वापरणार असाल तर नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नका. उन्हाने छत तापलं की गोंद सुटतो. पट्टी चिकटवण्याआधी जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा आणि जाळीकडची बाजू शिवूनच घ्या.

पुढचं हॅच ही आग लागली तर बाहेर पडायची दुसरी वाट असते. तिथली जाळी स्क्रूने बसवायची नाही. डोक्याने ढकलली तरी निघाली पाहिजे. बरोबर मुलं असतील तर त्यांच्याकडून एकदा दिवसा आणि एकदा दिवे मालवून हे करून घ्या.

बाजूच्या छोट्या खिडक्यांचं फार काही नाही. चौकटीच्या आकाराच्या लवचिक नळीवर जाळी ओढून ती आत दाबून बसवली की झालं.

सहावी पायरी: पंखा

एक छोटा १२ व्होल्टचा पंखा जाळीच्या खालोखाल उपयोगी आहे, आणि जाळी फाटली तर तिच्याहूनही. त्याचा झोत डासाच्या उडण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो, म्हणून झोतात असलेल्या अंगावर त्याला बसता येत नाही. शिवाय तुमच्याभोवती साचलेला उच्छ्वास तो पांगवतो. वीज किती लागते? ०.३ अँपिअर ओढणारा पंखा आठ तास चालला तर २.४ अँपिअर-तास. होडीची साधी बॅटरीही हे पेलते. झोत पायापासून डोक्यापर्यंत लांबीच्या दिशेने जाईल असा लावा, नाहीतर पंखा चेहऱ्यावर आणि डास घोट्यांवर अशी वाटणी होते.

सातवी पायरी: बंकवर किंवा कॉकपिटमध्ये मच्छरदाणी

होडी भाड्याची असेल, किंवा भोकं बुजवायला वेळ नसेल, तर फक्त झोपायच्या जागेवर मच्छरदाणी लावणं सोपं पडतं. छताला दोन-चार हुक आणि कडा गादीखाली खोचलेल्या. अडचण एकच: छोट्या बंकवर कोपर, गुडघा जाळीला टेकतात आणि डास जाळीतूनच चावतो. खालचा हातभर भाग जाड कापडाचा शिवून घेतला तर हा त्रास जातो.

कॉकपिटमध्ये झोपायचं असेल तर बूमवरून, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरून, खोक्यासारखी मच्छरदाणी सोडता येते. बूम आधी दोन्ही बाजूंना दोरीने घट्ट बांधा. मच्छरदाणीला तळ नसेल तर कडा पातळ गादीखाली दाबा, कारण कॉकपिटच्या फरशीतल्या पाण्याच्या निचऱ्याकडूनही डास वर येतात.

जाळीवर ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारलं तर तिच्यावर बसणारा डास मरतो. ते कापडासाठी आहे, कातडीसाठी नाही. किनाऱ्यावर, मोकळ्या हवेत फवारा आणि पूर्ण वाळल्यावरच होडीवर आणा. मासे आणि पाण्यातल्या इतर जिवांना ते घातक आहे, म्हणून अशी जाळी समुद्रात कधीही खळबळू नका. होडीवर मांजर असेल तर ओल्या परमेथ्रिनपासून तिला लांब ठेवा, तिला त्याने विषबाधा होते.

आठवी पायरी: होडीवरच पैदास थांबवा

काठापासून लांब, वाऱ्यात नांगरलेल्या होडीवरही डास असले तर ते तुमच्याच होडीत जन्मले असण्याची शक्यता पाहा. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मागे बांधलेल्या डिंगीतलं (काठावर ये-जा करायच्या छोट्या होडीतलं) पावसाचं पाणी, शिडावरच्या आच्छादनाच्या घड्या, बादली, धक्क्यासाठी टांगलेले जुने टायर, तुंबलेला निचरा, तळात साचलेलं गोडं पाणी, सगळं आठवड्यातून एकदा उपसा आणि कोरडं करा. एडिसची अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून बादली आणि डिंगी नुसती ओतू नका, आतून घासा. पाण्याच्या टाकीच्या हवेच्या नळीलाही जाळीचा तुकडा लावा.

नववी पायरी: संध्याकाळचं वेळापत्रक

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी सगळ्या जाळ्या लागल्या पाहिजेत. अंधार पडल्यावर लावलेली जाळी आत शिरलेल्या डासांनाच सांभाळते. स्वयंपाकही त्याआधी उरका. एक तर दाराची ये-जा थांबते, आणि दुसरं म्हणजे स्टोव्ह पेटलेला असताना केबिन बंद ठेवायची वेळ येत नाही. बंद केबिनमधला स्टोव्ह कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

सगळे आत आले की टॉर्च घेऊन छताचे कोपरे, कपड्यांमागची जागा आणि बंकची खालची बाजू तपासा. आत अडकलेला एकच डास सगळी मेहनत वाया घालवतो. विजेची रॅकेट वापरत असाल तर तिची ठिणगी लक्षात ठेवा. पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतात आणि होडीच्या तळात साचतात. वास येत असेल तर रॅकेटला हात लावू नका.

केबिनमधला दिवा मंद आणि पिवळसर किंवा लाल ठेवा, बाकीचे किडे कमी येतात. पण किड्यांच्या भीतीने नांगराचा पांढरा दिवा मालवू नका. सागरी टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नांगरलेल्या होडीला तो लावावा लागतो. सूट आहे ती ७ मीटरपेक्षा लहान होडीला, आणि तीही अरुंद वाट, जलमार्ग, नांगरवाडा किंवा इतर नौकांची नेहमीची ये-जा असलेली जागा सोडून. डोलकाठीच्या टोकावर दिवा असेल तर किडे तिथेच घिरट्या घालतात, म्हणजे फायदाच.

अंगाला काय लावायचं आणि काय पेटवायचं नाही

कॉकपिटमध्ये बसायचं तर सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघड्या कातडीला डास पळवणारं मलम. २० ते ३० टक्के डीट (डास पळवणारं एक रसायन) असलेलं मलम काही तास चांगलं काम करतं, पण ते प्लास्टिक आणि वॉर्निश खातं. डीट लावलेला हात हॅचच्या पारदर्शक झाकणावर टेकला की तिथे कायमचा धुरकट पंजा उमटतो. होडीसाठी २० टक्के पिकारिडिन हे दुसरं रसायन बरं, ते प्लास्टिकला काही करत नाही. सनस्क्रीन आधी, हे नंतर. दोन महिन्यांखालच्या बाळाला यातलं काहीच लावायचं नाही. निलगिरीच्या लिंबू-वासाच्या जातीचं तेल तीन वर्षांखालच्या मुलांना नको. मलेरियाच्या भागात जाणार असाल तर निघण्याआधी डॉक्टरांना गोळ्यांबद्दल विचारा, जाळी त्यांची जागा घेत नाही.

केबिनमध्ये डासांची उदबत्ती पेटवू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले होते. एवढ्याशा जागेत तो धूर, वर गादीशेजारी जळतं टोक आणि तळात कदाचित पेट्रोलची वाफ. सिट्रोनेलाच्या मेणबत्त्यांचंही तेच, आणि त्यांचा परिणाम तसाही जेमतेम. कर्णातीत आवाजाची यंत्रं आणि मोबाइलची ॲप डासांवर काम करत नाहीत, त्यांच्यावर पैसे घालवू नका.

जाळ्यांची निगा

सकाळी जाळ्या काढल्या की झटका, दव वाळू द्या आणि मगच गुंडाळा. औषध न लावलेल्या जाळ्या अधूनमधून गोड्या पाण्यात धुवा, मिठाने त्या कडक होतात आणि शिवण झिजते. औषध लावलेल्या जाळ्या उन्हात पसरून ठेवू नका, औषधाचा असर कमी होतो. रात्री जाळी फाटली तर शिडं दुरुस्त करायची चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावा, ती सकाळपर्यंत टिकते. प्रत्येक जाळीला वेगळी कापडी पिशवी करा आणि पिशवीवर ती कोणत्या हॅचची ते जाड पेनाने लिहा. ती पिशवी त्याच हॅचखाली टांगा, म्हणजे सूर्य मावळताना शोधाशोध होत नाही.